शंभरापैकी एकशे सहा

रुथॅन कॉस्को बाईंनी बावीस वर्षं लोकांचे केस धुतले, कापले, रंगवले. मग गुडघे फारच कुरकुरायला लागले तेव्हा त्या कोबल्स रनच्या जिल्हा तंत्रविद्यालयात केशभूषा शिकवायला लागल्या. उभं तिथेही राहावंच लागायचं, पण निदान मधूनमधून घंटा तरी व्हायची.

बाईंच्या वर्गात एकच नियम होता. बाटली उघडायच्या आधी तिच्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायचं. रंग असो, केस कुरळे करायचं औषध असो की साधा शाम्पू असो. नव्या मुली पहिल्या आठवड्यात फिदीफिदी हसायच्या. मग बाई त्यांना आपली गोष्ट सांगायच्या. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी एका नवरीच्या आईच्या डोक्याला न वाचता औषध लावलं होतं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती माउली टोपी घालून उभी आहे. एवढं ऐकलं की हसणं थांबायचं आणि वाचन सुरू व्हायचं.

त्या वर्षी ऑक्टोबरात उपमुख्याध्यापक पाइल साहेबांनी सगळ्या शिक्षकांना सभागृहात बोलावलं. साहेब चांगले उंच, टाय कायम नीट. बोलताना दोन्ही हातांनी हवेत एक अदृश्य खोका धरायची त्यांना सवय होती.

"यंदापासून प्रत्येक विषयात वाचनाचं उद्दिष्ट," साहेब म्हणाले. "वेल्डिंग असो, गवंडीकाम असो, केशभूषा असो. आधी पूर्वचाचणी, मग वाढीचं लक्ष्य, मग अंतिम चाचणी. जे मोजता येतं तेच सुधारता येतं."

मागच्या रांगेतून गवंडीकाम शिकवणारा एल्वुड गँट्झ पुटपुटला, "माझं वजन रोज मोजतोय मी. सुधारलेलं नाही."

उद्दिष्ट लिहायचा एक तक्ता होता. बाईंनी त्यात लिहिलं, "मुलींना डब्यावरचं वाचून कळावं आणि कोणाचं डोकं भाजू नये." तक्ता परत आला. शेरा होता, "मोजता येत नाही." बाईंनी लिहिलं, "भाजलेली डोकी: शून्य." तोही परत आला. शेरा होता, "शून्यापासून वाढ दाखवता येत नाही." पाचव्या खेपेला साहेबांनी स्वतःच वाक्य घालून दिलं: "ऐंशी टक्के विद्यार्थिनी वाचन-आकलनात पंधरा गुणांची वाढ दाखवतील." हे लगेच मंजूर झालं.

पूर्वचाचणीची तारीख साहेबांनी ठरवली, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाचा आदला दिवस. गुरुवारी टर्कीचं जेवण, सोमवारी हरणांची शिकार सुरू, मध्ये सगळी शाळा बंद. कोबल्स रनमध्ये त्या दिवशी दुपारनंतर पोरांची नुसती शरीरं वर्गात असतात, मनं कधीच रानात जाऊन झाडावर बसलेली असतात. एल्वुडच्या वर्गानं प्रश्नपत्रिका चार मिनिटांत संपवली. एकानं तर उत्तरांच्या खुणा जोडून हरणाचं शिंग काढलं होतं. सरासरी एकतीस.

बाईंच्या मुलींनी मात्र पूर्ण दोन तास घेतले. बाईंनी केस फिकट करायच्या औषधाचं माहितीपत्रकच प्रश्नाला दिलं होतं. अठरा मुली ओठ हलवत, बोट फिरवत वाचत होत्या. सरासरी एक्याण्णव. बाई इतक्या खूश झाल्या, की दुसऱ्या दिवशी सणाच्या जेवणातल्या भोपळ्याच्या गोड 'पाय'वर त्यांनी दुप्पट क्रीम घेतलं.

डिसेंबरात साहेबांनी त्यांना बोलावलं.

"कॉस्को बाई, तुमचं लक्ष्य आलंय. एकशे सहा."

"कशापैकी?"

"शंभरापैकी."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "साहेब, वरचे सहा गुण मी कुठून आणू?"

"आकडा संगणकानं काढलाय," साहेबांनी हवेतला खोका जरा वर उचलला. "एक्याण्णव अधिक पंधरा. आता संगणकाला काय, मी थोडंच सांगणार? एक मार्ग आहे. पूर्वचाचणी पुन्हा घ्या. जरा... कमी तयारीनं."

"म्हणजे मुलींना सांगू, येतंय ते विसरा म्हणून?"

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

साहेबांनी लक्ष्याचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. बाईंनी एकशे सहाखाली सही करायला नकार दिला. जानेवारीत त्यांच्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक' असं लागलं आणि सोबत सुधारणा-योजना आली. दर बुधवारी एक तास एल्वुड गँट्झच्या वर्गात बसायचं आणि वाचनात वाढ कशी घडवतात ते पाहायचं. एल्वुडचा वर्ग सहामाही चाचणीत त्रेसष्टवर गेला होता. पोरांनी या खेपेला प्रश्न वाचले होते, एवढंच.

पहिल्या बुधवारी बाई वही घेऊन बसल्या. समोर पोरं विटा रचत होती. तासाभरानं एल्वुड लाजत लाजत शेजारी येऊन टेकला.

"अगं रुथॅन, लिहितेस काय एवढं?"

"वाढ."

"कसली वाढ नि काय! त्या दिवशी पोरं शिकारीला निघाली होती, मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. माझ्या हिशेबानं तुझंच चुकलं. पोरींना आधीच शिकवून ठेवायची घाई कोणी सांगितली होती तुला?"

दोघंही हसले. पण गाडीत बसल्यावर बाईंना रडू आलं. बावीस वर्षं त्यांच्या हाताखालून बायका आरशात बघत, हसत बाहेर पडल्या होत्या. त्या सगळ्यांनी मिळूनही जे केलं नव्हतं ते एका तक्त्यानं केलं होतं. आपल्याला काम येत नाही की काय, अशी शंका त्यांच्या मनात आली होती.

साहेबांनी त्यांना नियमपुस्तिकाही दिली होती, चौसष्ट पानांची. "सगळं यात आहे," असं म्हणाले होते. पुस्तिका इतकी कोरी करकरीत होती, की पानं एकमेकांना चिकटलेली. फेब्रुवारीत एका सकाळी बर्फामुळे मुलींकडून केस कापून घ्यायला वर्गात येणारी गिऱ्हाइकं आली नाहीत. बाईंनी पुस्तिकेच्या प्रती काढून मुलींना वाटल्या.

"बाटली समजून वाचा. काय करायचं, काय करायचं नाही, आणि इशारा कुठे लिहिलाय."

मकेना डोंब्रॉस्की ही वर्गातली सगळ्यात सावकाश वाचणारी मुलगी. एक ओळ तीनदा वाचायची, पण एकदा वाचलेलं तिच्या डोक्यातून हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

"बाई, इशारा पान एक्केचाळीसवर आहे. खाली, बारीक अक्षरात. चोरांनी लिहिल्यासारखा."

"वाच."

"पूर्वचाचणीत नव्वदच्या वर सरासरी असेल तर वाढीचं लक्ष्य लावू नये. अधिक कठीण चाचणी द्यावी." मकेना थांबली. "बाई, म्हणजे साहेबांनीच वाचलं नाही?"

वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वेल्डिंगच्या वर्गापर्यंत गेला. मकेनानं पुन्हा हात वर केला. "अजून एक वाक्य आहे. पूर्वचाचणी सुट्टीला लागून असलेल्या दिवशी घेऊ नये. घेतल्यास निकाल रद्द समजावा."

म्हणजे गँट्झ सरांची वाढही रद्द. गँट्झ सर सगळ्यांनाच आवडायचे.

बाई आधी साहेबांकडे गेल्या नाहीत, एल्वुडकडे गेल्या. पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं सिमेंटचे हात पँटला पुसले आणि दोनदा वाचलं.

"तुझं वाक्य दाखव आणि माझं बोटानं झाक," तो म्हणाला.

"एकाच पानावर आहेत दोन्ही. मी काही पान फाडणार नाही, एल्वुड."

"फाड म्हणालो का मी? चल, मीही येतो. त्रेसष्टनं मला रात्रीची झोप काही लागत नव्हतीच."

साहेबांनी पान वाचलं, मग मागचं-पुढचं चाळून पाहिलं, जणू एक्केचाळीस कोणी नंतर घुसवलं असावं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की तारीख त्यांनीच ठरवली होती. म्हणजे गँट्झच नाही, सव्वीसच्या सव्वीस शिक्षकांचे निकाल रद्द. आणि ते तर 'जिल्ह्यात सर्वाधिक वाढ' म्हणून वरच्या कचेरीला कधीच कळवून झाले होते.

"हे... आपण समितीपुढे ठेवू," साहेब म्हणाले. हातांतला खोका पहिल्यांदाच दिसेनासा झाला.

समितीनं अडीच तास चर्चा केली आणि पान एक्केचाळीस सुधारलं. सुट्टीचं वाक्य काढून टाकण्यात आलं, 'मागील तारखेपासून लागू' असं करून. एल्वुडनं दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं, की माझा त्रेसष्ट काढून टाका. त्याला उत्तर आलं, की यशस्वी निकाल मागे घ्यायचा तक्ता उपलब्ध नाही.

बाईंचं वाक्य मात्र राहिलं. कठीण चाचणी द्यायची म्हणून त्यांनी राज्याच्या परवाना-परीक्षेचा लेखी पेपरच ठरवला. एप्रिलभर मुली औषधांची नावं, त्वचेचे रोग, जंतू, कायदा असं वाचत होत्या. मकेना जेवणाच्या सुट्टीतही, एका हातात करंजीसारखी पिएरोगी धरून. अठराजणी बसल्या, सतराजणी पास झाल्या. राज्यात असं फारसं कुठे होत नाही. सरासरी चौऱ्याऐंशी.

मे महिन्यात बाईंचा वार्षिक तक्ता आला. पूर्वचाचणी एक्याण्णव, अंतिम चाचणी चौऱ्याऐंशी. वाढ: उणे सात. खाली साहेबांच्या हातचा शेरा होता: "घसरणीची कारणे शोधावीत."

बाईंना या वेळी रडू आलं नाही. कारणांच्या रकान्यात त्यांनी सतरा मुलींची नावं लिहिली, प्रत्येकीपुढे परवान्याचा क्रमांक, आणि तक्ता परत पाठवला. तो अजून परत आलेला नाही.

नापास झालेली अठरावी मकेनाच होती. वेळ संपला तेव्हा तिचे चाळीसातले अकरा प्रश्न वाचायचे राहिले होते, आणि पास व्हायला पंचाहत्तर टक्के लागतात. वाचलेले सगळे बरोबर होते. सबंध जून बाई तिला घरच्या ओसरीवर बसवून घड्याळ लावून वाचायला शिकवत राहिल्या. जुलैत तिनं पुन्हा पेपर दिला आणि शहरातून फोन केला.

"बाई, पाच मिनिटं उरली होती!"

"मग काय केलंस त्या पाच मिनिटांत?"

"पहिलं पान पुन्हा वाचलं. एक चूक सापडली."

"तुझी?"

"नाही बाई. त्यांची."