बारा जणींचं खातं

मोखाड्याच्या शाखेत मी कॅशियर होतो तेव्हाची गोष्ट. नोटा मोजण्यात माझा हात धरणारा पार जव्हारपर्यंत कोणी नव्हता, आणि हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. गर्दीचा मात्र मला भयंकर राग. बाजाराच्या दिवशी पैसे काढणारा एक आणि त्याच्यामागे पाड्यावरची पाच-सहा माणसं, सगळी येऊन खिडकीला चिकटायची. शेवटी मी नियमच केला: ज्याचा अंगठा, तोच आत. शिपायाला दाराशी बसवलं. साहेब खूश झाले, शाखा शांत झाली, आणि मी जरा जास्तच ताठ चालू लागलो.

भातकापणी उरकल्यावर खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरच्या बचत गटाची अध्यक्षबाई खातं बंद करायला आली. सोबत सचिवबाई; खात्यावर अंगठा या दोघींचाच. गटातल्या बाकीच्या दहा जणी नियमाप्रमाणे बाहेर पायरीवर. जव्हारला नवी बँक उघडली होती, तिकडे खातं न्यायचं होतं. मला हसूच आलं. हिला वळवायला पाच मिनिटं पुरेत, असं मी धरून चाललो.

"मावशी, व्याज तिथंही एवढंच आहे. वर जीपचं भाडं जाईल."

"ठावं हाय."

"मग? मी कधी एक नोट तरी कमी दिली?"

"नाय दिली. पन ते तुला ठावं, मला ठावं. बाहेरच्यांनी कुठं बगितलं? या दोघी आत जाऊन काय करतात, असं पाड्यावर बोलतात. माझी धाकटी जाव गटातच हाय, ती बोलत नाय माझ्याशी."

"पासबुक दाखवा की त्यांना."

"वाचनार कोन? तू येशील?"

तेव्हा मला कळलं. ती गर्दी साक्षीला उभी राहायची, आणि मी तिला बेशिस्त म्हणत होतो. माझ्या नियमापायी या बाईवर चोरीचा आळ आला होता. मला मनापासून लाज वाटली.

मी उठलो, दार उघडलं आणि दहाही जणींना आत घेतलं. खात्यातली सगळी रक्कम काढली आणि एकेक नोट मोठ्याने मोजत खिडकीत ठेवली. बायका माझ्याबरोबर पुटपुटत होत्या. मध्येच एकीने थांबवलं, तेव्हा पहिल्यापासून मोजलं. गटात कोणी किती टाकले ते त्यांना तोंडपाठ होतं. बेरीज बरोबर जुळली. धाकटी जाव पुढे झाली आणि तिने मोठीच्या हातातली बाजाराची जड पिशवी आपल्या खांद्याला लावली.

ते बघून माझा जुना तोरा परत आला. म्हटलं, "झालं ना समाधान? आता खातं बंद करायचा अर्ज फाडून टाकतो. आजपासून तुम्ही सगळ्यांनी आत यायचं."

अध्यक्षबाईने नोटा फडक्यात गुंडाळून कनवटीला खोचल्या.

"तिकडं चवकशीला गेलो, तर पयल्याच दिवशी आमा बारा जनींना आत बसवलं," ती म्हणाली. "तू आमी चाललो तवा बोलावलंस."