कुडव्याचा खोटा पेशंट

आमच्या कुडवा गावातले यादोराव आजारी पडण्यात पटाईत होते. तरुणपणी राइस मिलमध्ये पोती उचलायचे आणि झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे. म्हातारपणी ते मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये लागले, खोटा पेशंट म्हणून. तिथले बाकीचे पेशंट रबराचे. बोलणारे काय ते यादोराव. पोरापोरींनी त्यांना प्रश्न विचारून रोग ओळखायचा. नियम एकच, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. नाटकवाल्याला त्यात अवघड काय? समोरच्याचं वाक्य पडल्याशिवाय तो तोंड उघडतच नाही.

त्यांचा ठरलेला रोग पोटातल्या जखमेचा. गुडघ्यांसाठी गोळ्या खाऊन खाऊन आत रक्त वाहतंय, चक्कर येते. शौचाला काळी होते का, असं कोणी विचारलं तरच मान हलवायची. रुची नावाच्या मुलीने ते झटक्यात विचारलं, त्या दिवशी घरी येऊन बायकोला, पार्वताबाईंना म्हणाले, "लय हुशार पोरगी हाय. डाक्टर झाली त कोनाले मरू नाई देनार."

रुची डॉक्टर झाली, बाजाराजवळच्या एका दवाखान्यात लागली. यंदा मे महिन्यात पार्वताबाईंना घेरी आली, तेव्हा यादोराव त्यांना मुद्दाम तिच्याकडेच घेऊन गेले. उन्हाने आजारी पडलेल्यांची तिथे ही गर्दी! रुचीने घाईघाईत नाडी पाहिली, "ऊन लागलंय काका," म्हणाली, सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. पार्वताबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या यादोरावांना ठाऊक होत्या. शौचाला काळी होते, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पार्वताबाई गेल्या.

पार्वताबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रुची आली. गोळ्यांचं तिला शेजारणींकडून कळलं होतं. ती रडवेली होऊन यादोरावांना म्हणाली, "काका, बताना था ना! सांगितलं काऊन नाही?"

मी यादोरावांच्या शेजारीच बसलो होतो, माझं डोकंच फिरलं. स्वतः विचारलं नाही, आणि वर त्या माणसालाच जाब! चांगली खडसावणार होतो, पण यादोरावांनी माझा हात धरला.

"तू विचारशीन मनून थांबलो होतो, बाई," ते म्हणाले. "तू नाई विचारलं. मले वाटलं, मंग ते नसन."

रुची तिथेच सतरंजीवर बसली. तिला उठवायचं कोणालाच सुचलं नाही.