लाटण्यावरच्या दातखुणा

"साबणाने?" देआनाने विचारलं. "लाकडी लाटणं तू साबणाने धुतलंस?"

"ग्रीस लागलं होतं."

"ग्रीस आपल्या पायांनी चालत आलं का त्याच्यापर्यंत? गॅरेजात एवढ्या सळ्या पडल्यात, स्क्रूड्रायव्हर आहेत, आणि तुला माझंच लाटणं मिळालं?"

"सळई गरम होते. लाकूड बरं."

"बरं असणारच. माझ्या आईने ते पीठ लाटायला दिलं होतं." तिने लाटण्यावरून तळवा फिरवला. लाकडाचे बारीक तंतू उभे राहिले होते. "आता याला पीठ चिकटणार. आपला लोरिस आणि मोनिया साडेबाराला टपकतील. तोर्तेल्लिनी काय हवेत वळू?"

तिचा नवरा नेव्हियो एव्हाना खिडकीकडे वळून पाठमोरा उभा होता. तिचं शेवटचं वाक्य जणू बोललंच गेलं नव्हतं. बाहेर धुकं अजून कुंपणाला टेकलेलं होतं, आणि शेडखाली ती लाल, बिनटपाची जुनी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. गाडी दातांचे डॉक्टर गुएर्झोनी यांची. ती आल्यापासून नेव्हियोचा पाय घरात ठरत नव्हता. कॉफी अर्धी टाकून बाहेर जायचा, परत यायचा, खुर्ची ओढून बसायचा नि लगेच उठायचा. आताही वळला, नि हातातलं फडकं टेबलावरच टाकून बाहेर गेला.

गावात नेव्हियोला सगळे 'कान' म्हणत. आयुष्यभर त्याने मोडेनाच्या कारखान्यात नवी इंजिनं तपासली. बंद खोलीत इंजिन पूर्ण ताकदीने फिरत असायचं आणि हा शेजारी उभा राहून कुठला व्हॉल्व्ह आळशी आहे ते सांगायचा. कानात कापूस घालणाऱ्यांना तेव्हा तिथे 'नवरीबाई' म्हणत. नेव्हियोने कधी घातला नाही. निवृत्त झाल्यावर आसपासच्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्या घरी येऊ लागल्या. तो बॉनेटवर वाकायचा, एखादं मिनिट गप्प राहायचा आणि निकाल द्यायचा. त्यावर कुणी दुसरं मत मागत नसे.

या गाडीला मात्र निकाल मिळत नव्हता. सकाळी गार असताना टकटक, तापली की बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नेव्हियोने व्हॉल्व्हचे टॅपेट पुन्हा पुन्हा लावून पाहिले. शेवटी काल त्याने फोनवर सांगून टाकलं की पिस्टन ढिले झालेत, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. डॉक्टर आज जेवणानंतर होकार द्यायला येणार होते. एवढं ठामपणे सांगितल्यावर माणूस निवांत झोपतो. हा रात्रभर कुशी बदलत होता.

देआनाने लाटणं कोरड्या फडक्याने घासलं, वर पीठ चोळलं, आणि पोळी लाटायला घेतली. अंड्याचं पिवळं पीठ फळीभर पसरत गेलं. लाटणं उलटं फिरवून धरलं तेव्हा तिला टोकाशी पांढरी नक्षी दिसली. लाकडात बारीक खळगे होते, त्यांत पीठ भरलं होतं. वर एक ओळ, खाली एक ओळ. मधल्या जागेवर एक खळगा नव्हता, आणि नेव्हियोचा तिथलाच दात गेल्या उन्हाळ्यात काढला होता.

लाटणं चावायचं कशाला? ते कानाला लावायचं असतं. एक टोक इंजिनावर, एक कानावर, हे तिने लग्न झाल्यापासून पाहिलं होतं.

तिने दाराकडे एकदा पाहिलं. मग लाटण्याचं एक टोक फ्रिजला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. फ्रिजची घरघर थेट तिच्या डोक्यात शिरली. तिने दोन्ही कानांत बोटं घातली. घरघर तशीच. उलट जास्तच स्पष्ट. दातांतून ऐकायला कान लागतच नव्हते.

देआना खुर्चीवर बसली. टीव्हीचा आवाज, ज्यावरून ती रोज कटकट करायची. पाठमोरा असला की उत्तर न देणं, ज्याला ती मग्रुरी समजत आली. आणि परवा शेडमध्ये डॉक्टर म्हणाले होते, "उस्ताद, ऐकताय ना?" तेव्हा आधी याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, मग मान हलवली होती. ती टकटक याने ऐकलेलीच नव्हती. दुसऱ्याने सांगितलेल्या आवाजाच्या मागे हा दोन दिवस फिरत होता.

पोळी वाळू नये म्हणून तिने वर ओलं फडकं टाकलं आणि बाहेर गेली. त्याच्या समोर जाऊन, तोंड दिसेल अशी उभी राहिली.

"चालू कर."

"आता तू शिकवणार?"

"गार आहे तोवर चालू कर म्हणते ना."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडधडलं, मग एका लयीत आलं. त्या लयीत काहीतरी होतं खरं, पण ते लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं नव्हतं. देआना खाली वाकली. फुस्‌, फुस्‌, फुस्‌, इतकं भरभर की लांबून टकटक वाटावी. हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. मोका पॉटची रबरी रिंग झिजली की कॉफी वर चढताना सांध्यातून असंच फुसफुसतं.

"हवा निसटतेय," ती म्हणाली.

"काय?"

तिने ओरडून सांगितलं नाही. त्याचा हात मनगटाशी धरला आणि धूर बाहेर नेणारे पाइप इंजिनाला जिथे जोडले होते, त्या सांध्याखाली नेला. लोखंड अजून थंडगारच होतं. नेव्हियो हात सोडवून घेणार होता, तोच थांबला. तळव्यावर ऊन फुंकर बसत होती. एक, मग एक, मग आणखी एक. त्याने बोटं जरा पुढे सरकवली, मागे आणली. त्याचा चेहरा हळूहळू कामाला लागला.

इंजिन तापत गेलं, लोखंड फुगून सांधा मिटला, फुंकर थांबली. त्याने किल्ली बंद केली.

"सांध्यातलं गॅस्केट," तो म्हणाला.

"मग पिस्टन?"

"पिस्टन ठीक असतील." त्याने पँटला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. "लाकडातून हवा ऐकू येत नाही."

"कधीपासून चावतोयस लाटणं?"

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "डॉक्टर विचारतील, काल पिस्टन आणि आज गॅस्केट कसं? काय सांगू? त्यापेक्षा उघडतो इंजिन. उघडल्यावर तिथे काही ना काही झिजलेलं निघतंच."

"चांगलं इंजिन उघडणार? तू?"

हे शब्द त्याला नीट कळले. तो पुन्हा बॉनेटखाली वाकला, आणि ती पोळीच्या तुकड्यांत सारण भरून तोर्तेल्लिनी वळायला आत गेली. बोटं चालत होती, पण लक्ष शेडकडे होतं. मध्येच त्याचा फोनवरचा आवाज आला, नेहमीसारखाच चढा, पण शब्द कळले नाहीत.

जेवायला सगळे बसले तरी नेव्हियो तीनदा उठला. एकदा मीठ, एकदा लाम्ब्रुस्को वाइनची बाटली, एकदा काहीच नाही.

"बाबा, बसा की," लोरिस म्हणाला. "काय म्हणाला मग आपला कान? गाडी मेली का?"

"मेली तर आम्हाला द्या म्हणावं," त्याची बायको मोनिया म्हणाली. "बागेत ठेवू. आत जिरॅनियम लावू."

नेव्हियोने चमचा खाली ठेवला. "डॉक्टरला सांगितलंय, इंजिन उघडायचं नाही. गॅस्केट आहे. माझी चूक झाली होती." मग ताटाकडे बघत म्हणाला, "देआनाने शोधलं. मला हल्ली बारीक आवाज लागत नाहीत. यापुढे गाडी आली की आधी देआना ऐकेल, मग मी हात लावेन."

लोरिसने आईकडे पाहिलं. मोनिया हसायला लागली होती, ती थांबली.

हे त्याने देआनाला आधी विचारलं नव्हतं. तिने तोर्तेल्लिनीच्या सूपचं भांडं उचललं, आधी नेव्हियोला वाढलं, आणि त्याच्या नजरेसमोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश बोलली.

"बुधवारी आपण कानाच्या डॉक्टरकडे जातोय. ते काय म्हणतात ते कळेपर्यंत मी एकही गाडी ऐकणार नाही."