वीरबाचा घोडा

"दगडात हाय का?"

बाईंचं हे एकच वाक्य. तुम्ही कितीही रंगात येऊन काही सांगत असा, त्या चष्मा नाकावर खाली घेणार, वरून तुमच्याकडे बघणार आणि एवढंच विचारणार. दगडात असेल तर बोला, नसेल तर चहा घ्या आणि आपल्या कामाला लागा. माझ्या दुकानात बसून त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला, की मी जरा फुशारकी मारली तर माझी बायकोसुद्धा तोच विचारायला लागली.

बाई आमच्या कयाधू नदीकडच्या गोरेगावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. मूळच्या जवळच्याच एका तांड्यावरच्या. मी त्यांचा विद्यार्थी, आणि अगदी नाव काढण्यासारखा नव्हे. पुढे मी लग्नांचं शूटिंग करायला लागलो, ड्रोन घेतला, दुकानावर पाटी लावली. तुमच्या घरच्या लग्नातही माझ्यासारखा एक आलेलाच असेल. सगळे रडत असताना "जरा इकडं बघा" म्हणणारा. तर एक दिवस बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वीरबावर माहितीपट करायचाय. कॅमेरा तुझा."

वीरबा हा तिथून जवळच्या एका गावाचा देव. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथली लग्नं मिळतात आणि यापुढेही मिळावीत अशी माझी इच्छा आहे. गावाबाहेर ओट्यावर, उघड्यावरच, कमरेइतका दगड उभा आहे. असे दगड तुम्ही पाहिले असतील. त्याला वीरगळ म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरलेला. खाली लढाई, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. नाव कुठंच नाही. गावानं मात्र शेंदूर लावून लावून त्याचा देव केला, आणि देव म्हटला की कथा आलीच. वीरबा राजाचा सेनापती होता, पांढऱ्या घोड्यावर बसून त्यानं शत्रू कापून काढला, वगैरे. मागच्या सभामंडपाच्या भिंतीवर पेंटरनं तसं चित्र काढलंय. त्यातला घोडा इतका झकास आहे की वीरबाकडं लक्षच जात नाही.

मी बाईंना म्हणालो, घोड्याची काळजी नको. वरातीचा एक घोडा माझ्या ओळखीचा आहे, पांढराशुभ्र, फटाक्यालाही बुजत नाही. शेतात पळवू, वरून ड्रोननं घेऊ, बघणारे खुर्चीवरून उठतील. बाईंनी चष्मा खाली घेतला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता दगडात आहे काय हे बघायचं तर शेंदराचा थर हाताच्या पंजाएवढा जाड. कोरलेलं काहीतरी आहे एवढंच कळायचं. एखादा घोडा असावा असं लोकांना वाटायचं, तेही कुणी दाखवल्यावर. मी म्हटलं, पुजाऱ्याला सांगून खरवडून घेऊ, एका दिवसाचं काम. बाई माझ्यावर अशा तडकल्या की मला दहावीचा वर्ग आठवला. आमच्याकडं देवाचा शेंदूर कुणी खरवडत नाही. थर जड झाला की तो आपला आपण सुटतो. देवानं खोळ टाकली, असं म्हणतात. मग ती खोळ वाजतगाजत कयाधूत सोडतात आणि देवाला नवा पातळ शेंदूर लावतात. बाई म्हणाल्या, थांबू.

आणि थांबल्या की हो. पावसाळा गेला, हिवाळा गेला. सुट्टी असली की जीपमध्ये बसून जायच्या, दगडाला नमस्कार करायच्या, पुजाऱ्याच्या घरी चहा घ्यायच्या आणि परत यायच्या. मी मनात म्हणायचो, बाईंना नाद लागलाय. मग उन्हाळ्यात एकदा त्यांचा फोन आला, खोळ सुटली, लगेच ये. मी एक साखरपुडा दुसऱ्याच्या गळ्यात मारून पळालो.

मी दोन मोठे लाइट नेले होते. बाईंनी ते बंद करायला लावले आणि पिशवीतून परात काढली. कणीक मळायची, घरातली, स्टीलची. उन्हात उभं राहून त्यांनी परातीवरचा उजेड दगडावर बाजूनं सोडला. समोरून लाइट मारला की कोरलेलं सगळं सपाट दिसतं, तिरपा उजेड पडला की खाचाखाचांत सावली धरते आणि चित्र उठून येतं. आयुष्यभर लाइट लावून पोट भरणाऱ्या मला हे माहीत नसावं, याची मला अजून लाज वाटते.

पहिल्यांदा दिसला तो घोडाच. मी उड्या मारायला लागलो, बाई, आहे की घोडा! बाईंनी परात जराशी कलती केली. घोड्यावर भालेवाला स्वार होता, आणि घोड्याचं तोंड वीरबाकडं होतं. वीरबा समोर पायी उभा. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात तोकडी तलवार. पाठीमागे गाई, एकमेकींना चिकटून उभ्या. म्हणजे घोडा होता, पण तो गाई पळवायला आलेल्याचा. गावानं शेंदरातून पुसटसा घोडा पाहिला आणि मायेनं आपल्या देवाला देऊन टाकला.

बाईंनी माहितीपटात हेच सांगितलं, आपल्या वर्गातल्या आवाजात. ह्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. तो पायी लढला. गाई वाचवताना मेला. दगडात एवढंच आहे.

जत्रेत माहितीपट दाखवायचा ठरला होता. त्याआधी जत्रा कमिटीचे अध्यक्ष माझ्या दुकानात येऊन बघून गेले, बाईही तिथंच होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, देवाचा घोडा काढून घेतला तुमी." माणूस भला होता. त्यांनी तोडही सुचवली. तोंडानं काही सांगू नका, सुरवातीला नुसता एक घोडा पळताना दाखवा. वरातीच्या घोड्याची त्यांच्याशीही ओळख होती. बाई नाही म्हणाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. बाई तांड्यावरच्या. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल वाहायचे, गुरं हेच त्यांचं धन. गावात बोलणं सुरू झालं की बाईंनी मुद्दाम गाई घुसडल्या, आपल्या देवाला गुराखी केलं. ज्यांच्या लेकरांना त्यांनी शिकवलं तेच बोलायला लागले. कमिटीनं कळवलं, जत्रेच्या सकाळी बसून ठरवू, दाखवायचा की नाही. बाईंना दाखवण्या न दाखवण्याचं तेवढं नव्हतं. त्या दिवशी माझ्या दुकानात बसून म्हणाल्या, "अर्धा मार्क कधी कुणाला जादा दिला न्हाई मी. आन देवात खोटं घालीन काय रे?" ते त्यांना लागलं होतं. त्या गावात इतकी वर्षं कमावलेला शब्दच लोक खोटा ठरवत होते.

त्याच आठवड्यात बाईंचे थोरले भाऊ आले. तांड्यावर त्यांच्या शब्दाला मान. बाई दुकानात आहेत असं कळलं म्हणून तिथंच आले, शाल, नारळ आणि चार माणसं घेऊन. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, बाईंच्या पाठीशी कुणीतरी उभं राहिलं. भावानं बहिणीला शाल पांघरली, नारळ काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, फक्त एक वाक्य घाल. हा वीर आपल्या लोकांपैकी होता. गाईच सांगतात तसं. मग जिल्ह्यातल्या एकूण एक तांड्यावर आपण हा पिक्चर दाखवू, गाववाल्यांना बसू दे बोंबलत.

बाईंनी शाल खांद्यावरून काढली, नीट घडी घातली आणि भावाच्या हातात दिली. त्यांच्यात भावाला भिया म्हणतात.

"भिया, गाई कोरल्यात. जात न्हाई कोरली."

"सख्खा भाऊ सांगून राहिला तुला."

"म्हणून तर न्हाई म्हणून राहिले. गाववाल्याला न्हाई म्हणणं सोपं हाय."

भाऊ उठले. चहा आला होता तो तसाच राहिला. त्या दिवसापासून ते बहिणीच्या दारात गेले नाहीत, राखीलाही नाही. ते गेल्यावर बाई रडल्या. वर्गात छडी उगारणाऱ्या बाईंना मी पहिल्यांदा रडताना बघत होतो, आणि काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी उगाच कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, शेवटच्या वाक्याचा आवाज जरा वाढव.

जत्रेच्या सकाळी कमिटी सभामंडपात बसली. मी मनात भाषण तयार करून गेलो होतो. इतिहास काय, पुरावा काय, जोरदार. बाईंनी मला बोलूच दिलं नाही. स्वतःही बोलल्या नाहीत. परात काढली आणि थेट अध्यक्षांच्या हातात दिली. म्हणाल्या, धरा, तुमीच बघा.

अध्यक्ष ओट्यावर चढले. परात धरायची सवय नाही, उजेड आधी पिंपळावर गेला, मग पुजाऱ्याच्या तोंडावर. लोक हसले. मग त्यांना जमलं. नवा शेंदूर पातळ होता, त्यातून सगळं दिसत होतं. बाईंनी एकच विचारलं, घोड्याचं तोंड कुणीकडं हाय? अध्यक्षांनी वाकून पाहिलं. परात कलती केली, पुन्हा पाहिलं.

"समोरून येऊन राहिला घोडा," ते म्हणाले. मग बाईंकडं वळून, "म्हंजी ह्यो पायी? घोडेस्वारापुढं? आन एकटा?"

"संग दुसरा कुणी कोरला न्हाई," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. गेली कित्येक वर्षं ते त्या दगडापुढं नारळ फोडत होते, पण तसा नमस्कार त्यांनी कधी केला नसेल. परात त्यांनी शेजारच्याकडं दिली, त्यानं पुढच्याकडं. बायका आल्या, म्हातारी माणसं आली, ज्यानं त्यानं आपल्या हातानं उजेड पाडून बघितलं. पुजारी ओरडत होते, नैवेद्याला उशीर होऊन राहिला, तरी रांग हलेना. माहितीपट सांजेला जसाच्या तसा दाखवला. भिंतीवरचा पांढरा घोडा अजून आहे, दर जत्रेला त्याला नवा रंगही देतात. त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. ते पेंटरचं हाय, म्हणायच्या.

बाई गेल्या वर्षी वारल्या. दिवस झाल्यावर त्यांचे भाऊ माझ्या दुकानात आले, त्याच स्टुलावर बसले. त्यांना तांड्यावर दाखवायला बाईंची एक छोटी फिल्म करून हवी होती. शूटिंगच्या वेळचं माझ्याकडं पुष्कळ होतं, उन्हात परात धरून उभ्या असलेल्या बाई. ते बघताना काकांनी, म्हणजे बाईंच्या भावांनी, डोळे पुसले. मग काय काय घालायचं ते सांगायला लागले. तांड्याचं नाव घाला, शाळेचं घाला. आणि जत्रेत पिक्चर संपल्यावर गावानं बाईची वाजतगाजत मिरवणूक काढली, ते घाला.

मी म्हटलं, काका, मिरवणूक नव्हती निघाली. पिक्चर संपल्यावर बाई जीपमध्ये बसल्या आणि घरी गेल्या. मी सोबत होतो.

काका स्क्रीनकडं बघत राहिले. मला वाटलं चिडतील. पण म्हणाले, "मग नका घालू. तिला चालायचं न्हाई."

दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ती मरेपर्यंत मी बोललो न्हाई तिच्याशी. ते घाला."

मी म्हटलं, काका, सगळा तांडा बघंल.

"बघू द्या," काका म्हणाले. "तसंच झालंय ना?"