ताग वरच्या डोहात, मासे खालच्या घाटावर

मी बी.एस्सी. झाले तेव्हा घरात पेढे वाटले, पण या पदवीचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. त्यामुळे पोलादपूरचे मामा मुंबईला येऊन म्हणाले, "नदीत मासं मरतंय गो, बघ तुझ्या शास्त्रात बसतंय काय," तेव्हा मी लगेच बाटल्या बांधायला घेतल्या. नदीच्या प्राणवायूचं एक नवं अमेरिकन गणित नुकतंच वाचलं होतं. घाण पाण्यातला प्राणवायू खाते, हवा तो परत भरते. हे दोन वेग कळले की नदीची तब्येत कागदावर मांडता येते.

बोटीने बाणकोट, तिथून भरतीच्या पाण्यावर होडीने दासगाव. जाणाऱ्यांनी भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. मी विचारली नाही आणि चिखलात बसून राहिले. पुढे बैलगाडीने महाड. तिथे चवदार तळं पाहिलं. पाणी हिरवट, शांत. माणसांच्या शिवण्याने ते बाटलं म्हणून लोकांनी त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं होतं, आणि आता दावा कोर्टात आहे. माझ्या गणितात शेण म्हणजे घाण. शिवण्याला तर त्यात अक्षरच नाही. गाडीवान म्हणाला, "ताई, चला. हितं पाण्याचं बोलायचं नाय."

पोलादपूरला मोटारीने गेले. मामांकडे तांदळाची भाकरी आणि सुकट. ताजे मासे कुणी खात नव्हतं. सगळं गाव म्हणत होतं, मासे महारवाड्याच्या घाटावर मरतात, म्हणजे तिथल्याच लोकांनी पाणी नासवलं. गावच्या येत्या बैठकीनंतर तो घाट काटेरी फांद्यांच्या काट्या लावून बंद करायचा. काट्या तोडून मामांच्या अंगणात आणूनही टाकल्या होत्या.

सकाळी नदीवर गेले. वरच्या डोहात धागे सुटावेत म्हणून घातलेला मामांचा ताग कुजत पडला होता. यंदा जाळ्यांच्या दोरीला मागणी, म्हणून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. वास असह्य, तरी मासे पोहत होते. खाली घाटावर ते पांढरी पोटं वर करून तरंगत होते. घागर घेऊन उभ्या असलेल्या सखूबाईंनी विचारलं, "बाई, आमचा घाट मिटवायला आलाव काय?"

"नाही हो, खरं काय ते बघायला."

"मग नीट बघा. दुसरं पाणी नाय आमाला."

मामांच्या ओटीवर दोन्ही जागच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून त्यांत औषधं घातली. पाणी जितकं तांबूस होईल, तितका प्राणवायू जास्त. तागाजवळची बाटली तांबूस झाली, घाटावरची पांढरीफटक. मामांनी शेजाऱ्यांना हाक मारली, "या, बघा! आमच्या तागापाशी पाणी चांगलं, त्यांच्याकडं नासलेलं. भाचीनं दाखवलंन!"

बाटल्या खऱ्याच होत्या, अर्थ उलटा. मी कोळशाने जमिनीवर रेघ काढली. हळूहळू खाली उतरणारी, मग वर चढणारी.

"मामा, ताग वर पडतो, पण कुजकं पाणी वाहता वाहता प्राणवायू खात जातं. म्हणून सगळ्यात वाईट जागा खाली येते."

मामा हसले. "पाणी काय बैल हाय? ओझं हितं घातलं नि दम घाटात लागला?"

"अगदी तसंच!"

त्यांचं हसू थांबलं. शेजारी उठून गेले. रेघेकडे बघत मामा म्हणाले, "अर्धा ताग काढतो. सगळा नाय जमायचा."

मी धावत सखूबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "अर्धा काढला म्हंजे पाणी प्यायचं का नाय?"

"हिशेब करून कळवते," मी म्हणाले.

निघताना मामांनी माझी ट्रंक नव्या तागाच्या दोरीने बांधली. काट्या अंगणातच होत्या. लावल्या नव्हत्या, जाळल्याही नव्हत्या. ती दोरी आता आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आहे आणि पावसाळी हवेत तिला त्या डोहाचा वास येतो. मी गणितात अर्धा ताग घालून पुन्हा पुन्हा पाहते. मासे जगतात. पिण्याला त्यात अक्षर नाही. सखूबाईंना काय कळवू, हे मात्र अजून कळत नाही.