आक्का आणि मिशा फुटलेली फळं

आक्कांना कुणाचं कौतुक करताच येत नसे. लातुरात क्लाससाठी आलेल्या आम्ही चौघी मुली त्यांच्याकडे राहायचो, जेवायचो. मी देगलूरची. आल्या आल्या त्यांनी मला फोडणी टाकायला लावली. मोहरी जळाली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर होनार म्हने. हिला मोहरी सांभाळंना, मानसं काय सांभाळती?"

गावाला तेव्हा क्लासचं वेड लागलं होतं. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे बोर्ड झळकायचे. भाजी घेऊन येताना आक्का ते सगळे वाचायच्या आणि पिशवी टेकवत म्हणायच्या, "महादेवाचा सुदिक एवढा मोठा फोटो न्हाई कुठं." आमचे एक सर एकदा काही पालकांना घेऊन जेवायला आले आणि भाकरी मोडता मोडता निकालाच्या बढाया मारत बसले. आक्कांनी वरण वाढत विचारलं, की नापास पोरांचा बोर्ड कुठल्या चौकात लावता. सर पुन्हा जेवायला आले नाहीत. आक्कांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

आक्का त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेल्या. गाव किल्लारीकडचं. नवरा आधीच वारलेला. घर पडलं त्यात लेक गेली. लातुरात भावानं राहायला हे पत्र्याचं घर दिलं होतं. त्या रात्रीबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. झोपायच्या मात्र बारा महिने अंगणात. ऐन थंडीतही म्हणायच्या, आत उकडतंय. मदत वाटायला आलेल्यांचा विषय निघाला की जीभ सुटायची. "एकानं मला टाय दिला. घर न्हाई, दार न्हाई, अन् टाय."

बारावीची बॅच उन्हाळ्यातच सुरू व्हायची. त्या दिवसांत एका दुपारी खांद्यावर लाकडी पेटी घेतलेला एक फौजी दारात उभा राहिला. हिमाचलचा होता. त्यानंच आक्कांना ढिगाऱ्यातून ओढून काढलं होतं. आता बदलीवर सिकंदराबादला निघाला होता, म्हणून वाट वाकडी करून आधी त्यांच्या गावी गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याला इकडं पाठवलं. पेटीत त्याच्या घरच्या झाडांचे पीच होते. आम्ही ते फळ पहिल्यांदाच पाहत होतो.

आक्कांनी त्याला बघताक्षणी ओळखलं, पण बस म्हणाल्या नाहीत. एक पीच उचलला, अंगठ्यानं त्याची लव चोळली. "ह्याला तर मिशा फुटल्यात," म्हणाल्या. फौजीला मराठी कळत नव्हती. तो हसला.

तरी त्यांनी चूल पेटवलीच. प्रवासात दबलेली फळं आधी घेतली, आमरसासारखा रस काढून त्यात दूध ओतलं. दूध नासलं. "दुधासंग सुदिक पटंना ह्याचं," म्हणून त्यांनी पातेलं बाजूला सारलं. मग कडक फळं काढली आणि कैरीचा करतात तसा मेथांबा करायचं ठरवलं. फौजी आपणहून चिरायला बसला. फळाला सुरीनं गोल चीर द्यायची, दोन्ही हातांनी पिळायचं, की बी मोकळी. फोडणीत मेथ्या लाल झाल्या, फोडी पडल्या, तिखटावर गूळ पडला. घरभर आंबटगोड वास सुटला.

त्याच्याकडे पाठ करून पातेल्यात उलथनं फिरवता फिरवता आक्कांनी विचारलं, "मेरेकू निकाले तुम. मेरी बेटीकू कायकू नै निकाले?"

फौजीनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "अम्मा, आपकी आवाज़ आ रही थी. उसकी नहीं आई."

नंतर त्यानं सावकाश सगळं सांगितलं. त्यांना बाहेर काढल्यावर तो पुन्हा त्याच जागी खणत राहिला होता. मुलगी सापडली, पण झोपेतच गेलेली. आक्कांना सांगायला यायचा त्याला तेव्हा धीर झाला नव्हता. आक्का उलथनं फिरवतच राहिल्या. गूळ केव्हाच विरघळला होता.

मग त्यांनी त्याला ताट वाढलं आणि समोर बसून जेवू घातलं. भाकरीबरोबर तो मेथांबा मागून मागून खात होता. निघताना आक्कांनी एक बरणी भरून त्याच्या हातात दिली. "आईला सांग, फळ काई कामाचं न्हाई तुमचं. पोरगं कामाचं हाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं. तो खाली वाकला, आणि आक्कांनी पहिल्यांदाच कुणाला तरी पायाला हात लावू दिला.

तो गेल्यावर आम्ही क्लासच्या वह्या काढल्या. आक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"माज्या रेणूला आंबट लई आवडायचं," त्या म्हणाल्या.

लेकीचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत त्या तिच्याविषयी सांगत होत्या. क्लासची वेळ टळून गेली, आणि आमच्यापैकी कुणी उठलं नाही.