कुमुदताईंची खुडूक काशी

पहिल्याच भेटीत कुमुदताई माझ्यावर ओरडल्या होत्या. मी विरजण मागायला गेले होते आणि त्या दारातच कडाडल्या, "चपला वाजवू नकोस! बसलीय ती." आत कुणी पाहुणी असेल म्हणून मी पदर सावरला. पाहुणी म्हणजे मागच्या व्हरांड्यात टोपलीत बसलेलं एक राखी बदक होतं आणि ते माझ्याकडे बघून फुसफुसत होतं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. लखनौमधल्या एका संशोधन संस्थेच्या वसाहतीत आम्ही समोरासमोर राहत होतो. कुमुदताईंचे यजमान अण्णा तिथे शास्त्रज्ञ. कुठलासा प्रयोग गुंडाळला गेला आणि उरलेली बदकं अण्णा घरी घेऊन आले. कुमुदताई सांगलीच्या, अंड्याला न शिवणाऱ्या घरातल्या. त्यांनी आधी अण्णांना फैलावर घेतलं आणि मग बदकांसाठी नांद भरून ठेवली. "खायची नाहीत म्हणून उबवायचीही नाहीत की काय?" असा त्यांचा न्याय.

फाल्गुनात बदकं अंड्यांवर आली की ताईंचा पारा चढलेलाच असायचा. चांगलं उजाडेपर्यंत खुराडं उघडायचं नाही, कारण आधी सोडलं तर "या बया अंडं कुठेही टाकून येतात." कवच पातळ येऊ नये म्हणून दाण्यात शिंपल्यांचा चुरा. एकदा माळी रामसजीवन मळकी अंडी धुवायला निघाला. त्यावर ताईंचं हिंदी सुटलं, "धोया तो याद रखना! धोया हुआ अंडा सड़ता है, समझा?" बाकीची बदकं अंडी घालून मोकळी व्हायची. खुडूक होऊन अंडी उबवत बसायची ती एकटी काशी. छातीची पिसं उपटून ती अंड्यांखाली घालायची, दिवसातून एकदा उठायची, अंडी झाकून नांदेत बुडी मारायची आणि ओल्या अंगाने परत येऊन बसायची. ताई म्हणायच्या, "बसलेल्या बाईला उठवू नये, मग ती कुणीही असो."

माघात अण्णा गेले. हृदय बंद पडलं, खुर्चीतच. त्या चैत्रात वसाहतीतल्या मराठी बायकांची घरोघर हळदीकुंकवं झाली. वर्षानुवर्षं ताईंच्या हातची आंब्याची डाळ चाटूनपुसून खाणाऱ्या एकीनेही त्यांना बोलावलं नाही. मला इतका संताप आला की मी एकाही घरी गेले नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. काशी बसलीय, मला तरी कुठे वेळ आहे?"

क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. क्वार्टर्सच्या खात्याचा साहेब दिवाकर. आपलाच, मराठी. एकटा होता तेव्हा दर रविवारी ताईंकडे जेवायचा आणि वर पोळ्या बांधून न्यायचा. ताईंनी त्याच्याकडे एक आठवडा मागितला. स्वतःसाठी नव्हे. काशीची पिल्लं आठवडाभरात निघणार होती आणि बसलेलं बदक हलवता येत नाही.

"ताई, नियम म्हणजे नियम," दिवाकर म्हणाला. "आज बदकासाठी मुदत दिली, तर उद्या लोक म्हशीसाठी मागतील."

तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटच्या दिवशी सकाळी ताईंनी मला हाक मारली. काशी नांदेत उतरली होती. ताईंनी एक अंडं माझ्या कानाशी धरलं. आतून टकटक ऐकू येत होती. "दार वाजवतायत गं," ताई म्हणाल्या. अण्णा गेल्यापासून त्यांचं हसू मी तेव्हाच पाहिलं.

सामान बांधायला गोणपाट हवं होतं म्हणून आम्ही दोघी निशातगंजच्या बाजारात गेलो. परतलो तर व्हरांड्यात चुन्याच्या बादल्या आणि रंगारी. टोपली नाही.

"माताजी, साहब का ऑर्डर था," रंगारी म्हणाला.

दिवाकरने काशीसकट टोपली स्वतःच्या बंगल्यावर नेली होती. वाईट हेतूने नव्हे म्हणे. ताईंचीही सोय, नियमाचीही सोय. बाहेर लू चालली होती, बिचाऱ्या अंड्यांना उकडू नये म्हणून या शहाण्याने ती टोपली कूलरसमोर ठेवली होती! काशी तिथे क्षणभरही बसली नव्हती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा कूलरच्या खसातून येणाऱ्या गार वाऱ्यात अंडी उघडी पडली होती. ताईंनी एकेक अंडं कानाला लावलं. शेवटचं पुन्हापुन्हा लावलं. मग टोपली तिथेच ठेवून त्या उठल्या.

काशी कुठे होती? परत व्हरांड्यात. रंगाऱ्यांच्या पायांत, टोपलीच्या जागी, उघड्या फरशीवर पंख पसरून बसली होती. खाली काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवाकर स्टेशनवर आला, वसाहतीतल्या मराठी मंडळातर्फे शाल आणि नारळ घेऊन. ताईंनी हात पुढे केला नाही. "माझ्या घरच्या पोळ्या तुला पचल्या, याचंच नवल वाटतं मला," एवढं म्हणून त्या डब्यात चढल्या. तो फलाटावर शाल धरून उभा राहिला आणि मला त्याची तसूभरही कीव आली नाही.

गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी रडत होते. कसंबसं म्हटलं, "ताई, जाऊ द्या. विसरून जा."

"विसरू?" त्या कडाडल्या, पहिल्या दिवशी कडाडल्या होत्या तशाच. "अगं शैला, रागावरही बसावं लागतं. उठलीस की गार होतो तो."

काशी माझ्याकडे राहिली. पुढे अंडी घालत राहिली, पण खुडूक कधी झाली नाही. पुढच्या चैत्रात मी हळदीकुंकू केलं आणि वसाहतीतल्या दोन विधवा बायकांना सगळ्यांच्या आधी बोलावलं. तिघी-चौघी नाकं मुरडून निघून गेल्या. जाऊ देत. दिवाकरची बायकोही आली होती. तिला मी दारातूनच परत पाठवलं. ताई सांगलीला वारल्याचं कळलं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. लोक सांगतात, एवढ्याशा गोष्टीसाठी इतका राग बरा नव्हे. मी अजून उठलेली नाही.